अभ्यासिकेचे संगणक आणि ग्रुप पॉलिसी : डेस्कटॉप, मेनू व सेटिंग्ज यांवर नियंत्रण कसे ठेवावे

आमच्या गावातील अभ्यासिकेत बारा संगणक आहेत आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली त्यांवर सकाळपासून रात्रीपर्यंत आळीपाळीने बसतात. अर्ज भरणे, प्रवेशपत्र उतरवून घेणे, जुन्या प्रश्नपत्रिका पाहणे, अधूनमधून सराव परीक्षा देणे, एवढ्याच कामांसाठी ती यंत्रे घेतलेली आहेत. तरीही दर सोमवारी सकाळी त्यांतील दोनतीन संगणक मला मूळपदावर आणावे लागत. एखाद्याचा टास्कबार उजव्या कडेला जाऊन बसलेला असे, एखाद्याच्या वॉलपेपरवर कोणाच्या तरी भावाच्या लग्नातील फोटो असे, तर एखाद्याचे रिझोल्यूशन असे काही बदललेले असे की परीक्षेच्या अर्जाचे ‘सबमिट’ बटण पडद्याबाहेरच राही. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता; सामायिक यंत्राला प्रत्येकाने आपल्या सोयीने थोडेथोडे वळवले होते, इतकेच. हा त्रास थांबवण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. संगणकावर कोणाला काय करता यावे याचे नियम घालून देणारी ग्रुप पॉलिसी नावाची सोय विंडोजमध्येच आहे आणि एकट्यादुकट्या संगणकावरही ती चालते. ती कशी मांडावी, कोणती सेटिंग्ज उपयोगाची आहेत आणि कोणती टाळलेली बरी, हे पुढे सांगितले आहे.

प्रथम दोन सूचना. या लेखात सेटिंगांची नावे आणि आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतच दिसतील आणि रोमन लिपीतच टाइप कराव्या लागतील. दुसरे असे की, पॉलिसी बदलण्यासाठी लागणारा ‘जीपीएडिट.एमएससी’ हा प्रोग्राम विंडोजच्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन या आवृत्त्यांतच असतो, होम आवृत्तीत नसतो. दुकानातून आणलेल्या यंत्रावर बहुधा होमच असते, म्हणून सेटिंग्जमधील ‘सिस्टम’ विभागाच्या ‘अबाउट’ या पानावर आपली आवृत्ती आधी पाहून घ्यावी. होम आवृत्तीत हा प्रोग्राम घुसवणाऱ्या बॅच फाइली, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेल्या फाइली, इंटरनेटवर फिरत असतात. त्यांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही आणि सार्वजनिक यंत्रांवर असले प्रयोग मी करत नाही; आवृत्ती वाढवून घेणे हाच सरळ मार्ग आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा आवृत्तीचा विचार करतानाच विंडोज ११ चाही विचार करून टाकावा.

नियम कोणासाठी, हे आधी ठरवावे

बहुतेक मार्गदर्शनांत विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, जीपीएडिट.एमएससी लिहा आणि कामाला लागा, असे सांगितलेले असते. तसे केल्यावर जी खिडकी उघडते तिच्यात सर्वांत वर ‘लोकल कॉम्प्युटर पॉलिसी’ असे नाव दिसते आणि तिचे दोन भाग असतात. ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’मधील नियम यंत्राला लागू होतात, मग त्यावर कोणीही बसो, ‘युझर कॉन्फिगरेशन’मधील नियम साइन इन करणाऱ्या व्यक्तीला लागू होतात. अडचण अशी की येथील युझरचे नियम त्या संगणकावरील प्रत्येक खात्याला लागतात, आणि त्यात तुमचे स्वतःचे ॲडमिनिस्ट्रेटरचे खातेही येते.

हे मी स्वतः अनुभवून शिकलो. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात मी ‘रन ओन्ली स्पेसिफाइड विंडोज ॲप्लिकेशन्स’ हे सेटिंग सुरू केले आणि यादीत ब्राउझर व पीडीएफ वाचण्याचा प्रोग्राम अशी दोनच नावे घातली. यादीत नसलेले काहीही उघडणार नाही, हा त्या सेटिंगचा अर्थ मला कळला होता. पण पॉलिसीचा संपादक स्वतःही त्या यादीत नाही, हे मात्र लक्षात आले नव्हते. पुन्हा जीपीएडिट उघडायला गेलो तेव्हा या संगणकावरील निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द करण्यात आली आहे, आपल्या सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा, असा संदेश आला. ॲडमिनिस्ट्रेटर मीच होतो. त्यातून सुटका कशी झाली ते शेवटी सांगितले आहे.

ही वेळ येऊ नये म्हणून विंडोज व्हिस्टापासून एक चांगली सोय आहे. युझरचे नियम तीन थरांत ठेवता येतात : सर्वांसाठीचा एक थर, ॲडमिनिस्ट्रेटर किंवा ॲडमिनिस्ट्रेटर नसलेले यांच्यासाठीचा दुसरा, आणि एखाद्या विशिष्ट खात्यासाठीचा तिसरा. ते याच क्रमाने लागू होतात आणि दोन थरांत विरोध असेल तर नंतरचा थर जिंकतो. आपल्याला हवा आहे तो मधला थर. तो उघडण्यासाठी विंडोज आणि आर दाबून ‘एमएमसी’ लिहावे. रिकामी खिडकी उघडेल. तिच्या ‘फाइल’ मेनूतून ‘ॲड/रिमूव्ह स्नॅप-इन’ निवडावे, डावीकडील यादीतील ‘ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर’वर टिचकी मारून ‘ॲड’ दाबावे, आणि त्यानंतर येणाऱ्या छोट्या खिडकीत ‘फिनिश’ दाबण्याची घाई न करता ‘ब्राउझ’ दाबावे. तेथे ‘युझर्स’ या टॅबवर ‘नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स’ असे नाव दिसेल. ते निवडून ‘ओके’ आणि मग ‘फिनिश’ करावे. ही मांडणी ‘सेव्ह ॲज’ने एखाद्या ओळखीच्या नावाने, समजा ‘विद्यार्थी’ या नावाने, जपून ठेवली की पुढच्या वेळी एवढा फेरा पडत नाही. या थरात फक्त ‘युझर कॉन्फिगरेशन’ दिसते, ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’ नसते. यंत्राला लागू होणाऱ्या नियमांसाठी मूळच्या जीपीएडिटकडेच जावे लागते.

अर्थात, विद्यार्थ्यांचे खाते ‘स्टँडर्ड युझर’ प्रकारचे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले, असेल तरच या साऱ्याला अर्थ आहे. ज्या संगणकावर सगळेच ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून बसतात, तेथे हे नियम कोणालाच लागणार नाहीत, आणि लावले तरी ज्याला ते खुपतील तो काढून टाकेल.

‘एनेबल’ म्हणजे बंद

प्रत्येक सेटिंगवर दोनदा टिचकी मारली की तीन पर्याय दिसतात : ‘नॉट कॉन्फिगर्ड’, ‘एनेबल्ड’ आणि ‘डिसेबल्ड’. नवखा माणूस येथेच फसतो, कारण बहुतेक सेटिंगांची नावे नकारार्थी असतात. ‘प्रोहिबिट ॲक्सेस टू कंट्रोल पॅनल’ याचा अर्थ कंट्रोल पॅनलला मज्जाव; तो मज्जाव ‘एनेबल’ केला की कंट्रोल पॅनल बंद होतो. माझ्या एका सहकाऱ्याने कंट्रोल पॅनल बंद करायचा म्हणून ‘डिसेबल्ड’ निवडले आणि दिवसभर पॉलिसी चालत कशी नाही म्हणून डोके धरून बसला. नाव मोठ्याने वाचावे, त्याच्यापुढे ‘हे करू का?’ असे जोडावे आणि उत्तर हो असेल तरच ‘एनेबल्ड’ निवडावे.

‘नॉट कॉन्फिगर्ड’ आणि ‘डिसेबल्ड’ हेही एकच नव्हेत. पहिल्याचा अर्थ या थराला या बाबतीत काही म्हणायचे नाही. दुसऱ्याचा अर्थ या थराचे स्पष्ट म्हणणे ‘नाही’ असे आहे, म्हणून तो आधीच्या थरातील ‘हो’ पुसून टाकतो. एखादा नियम मागे घ्यायचा असेल तेव्हा ‘नॉट कॉन्फिगर्ड’वर जावे.

नियम मागे घेता येतो, ही गोष्टही पूर्वी इतकी साधी नव्हती. विंडोज ९५ आणि एनटी ४ च्या काळातील सिस्टम पॉलिसी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सारी सेटिंग्ज जेथे नोंदवून ठेवते त्या कोठारात, जे लिहीत ते तसेच राहत असे; पॉलिसी काढली तरी तिचा परिणाम जात नसे, म्हणून तंत्रज्ञ त्याला गोंदण म्हणत. विंडोज २००० बरोबर ग्रुप पॉलिसी आली तेव्हा नियमांसाठी रजिस्ट्रीत ‘पॉलिसीज’ नावाच्या स्वतंत्र शाखा राखून ठेवण्यात आल्या, आणि नियम गेला की त्या शाखेतील नोंदही जाईल अशी व्यवस्था झाली.

सेटिंगच्या खिडकीत आणखी दोन जागा पाहण्याची सवय लावून घ्यावी. ‘सपोर्टेड ऑन’ या चौकटीत ते सेटिंग विंडोजच्या कोणत्या आवृत्तीत चालते हे लिहिलेले असते. एक्सपी किंवा विंडोज ७ च्या स्टार्ट मेनूसाठी असलेली कितीतरी सेटिंग्ज अजून यादीत तशीच पडून आहेत. उदाहरणार्थ, स्टार्ट मेनूतून ‘माय म्युझिक’ काढण्याचे सेटिंग अजून दिसते, पण नव्या मेनूवर त्याचा काही परिणाम होत नाही. दुसरी जागा ‘कॉमेंट’ची. तिच्यात तारीख आणि कारण लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी हे आपण का बंद केले होते, हे आपल्यालाच आठवत नाही.

कंट्रोल पॅनल आणि सेटिंग्ज

पुढील बहुतेक सेटिंग्ज ‘युझर कॉन्फिगरेशन’खालच्या ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’ या शाखेत आहेत. तिच्यातील ‘कंट्रोल पॅनल’ या फोल्डरात ‘प्रोहिबिट ॲक्सेस टू कंट्रोल पॅनल अँड पीसी सेटिंग्ज’ आहे आणि ते सुरू केले की जुना कंट्रोल पॅनल व नवे सेटिंग्ज ॲप, दोन्ही बंद होतात. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ निवडले तरी निर्बंधाचाच संदेश येतो. रिझोल्यूशनचा प्रश्न या एका नियमाने सुटला असता, तरी मी तो लावलेला नाही. याचे कारण मराठी कीबोर्ड. विंडोज १० च्या २०१९ सालच्या १९०३ या आवृत्तीपासून मराठीसाठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. आमच्याकडे काही मुलांना तो लागतो, तर टंकलेखनाची परीक्षा देणाऱ्यांना वेगळा लागतो. भाषेचे पान बंद केले तर प्रत्येक वेळी मला उठावे लागते.

यासाठी त्याच फोल्डरातील ‘सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी’ हे सेटिंग अधिक कामाचे आहे. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून ते उपलब्ध आहे. ते ‘एनेबल’ केल्यावर खाली एक रिकामी ओळ मिळते आणि तिच्यात लपवायच्या पानांची नावे लिहायची असतात : आधी ‘हाइड’ हा शब्द, लगेच कोलनचे चिन्ह, त्यानंतर पानांची सांकेतिक नावे आणि प्रत्येक दोन नावांमध्ये अर्धविराम. आमच्या ओळीत ‘डिस्प्ले’, ‘साइनइनऑप्शन्स’, ‘थीम्स’ आणि ‘ब्लूटूथ’ अशी पाने आहेत. ‘हाइड’ऐवजी ‘शोओन्ली’ लिहिले तर उलट होते, म्हणजे नावे दिलेली पाने तेवढी दिसतात आणि बाकीची सारी जातात. सांकेतिक नावांच्या आधी सामान्यतः ‘एमएस-सेटिंग्ज’ आणि कोलन असा उपसर्ग असतो. तो येथे लिहायचा नाही. या एका चुकीने संपूर्ण ओळ निकामी होते आणि संगणक त्याबद्दल अक्षरही काढत नाही. जुन्या कंट्रोल पॅनलमधील मोजक्याच बाबी ठेवायच्या असतील तर त्यासाठी ‘शो ओन्ली स्पेसिफाइड कंट्रोल पॅनल आयटम्स’ हे वेगळे सेटिंग आहे.

वॉलपेपर आणि डेस्कटॉप

वॉलपेपर ठरवून देणारे ‘डेस्कटॉप वॉलपेपर’ हे सेटिंग ‘डेस्कटॉप’ या फोल्डरातील त्याच नावाच्या उपफोल्डरात आहे. त्यात चित्राच्या फाइलचा पूर्ण पत्ता लिहायचा आणि ते पडद्यावर कसे बसवायचे ते निवडायचे असते. हे लागू असेपर्यंत वापरणाऱ्याला दुसरे चित्र लावता येत नाही. पण साइन इन करतेवेळी ती फाइल मिळाली नाही तर वॉलपेपरच दिसत नाही. आमच्याकडे अभ्यासिकेचे नाव आणि नियम लिहिलेले सुंदर चित्र तयार झाले, मी ते लावले, आणि विद्यार्थ्यांना मात्र काळाकुट्ट पडदा दिसला. मी ते चित्र माझ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याच्या ‘पिक्चर्स’ फोल्डरात ठेवले होते आणि तेथे पाहण्याची परवानगी विद्यार्थ्यांच्या खात्याला नव्हती. चित्र सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातल्या ‘वेब’ या फोल्डरात हलवल्यावर ते सर्वांना दिसू लागले.

‘डेस्कटॉप’ फोल्डरात ‘हाइड अँड डिसेबल ऑल आयटम्स ऑन द डेस्कटॉप’ असेही सेटिंग आहे. त्याने डेस्कटॉप कोरा होतो, मात्र तेथे जपलेल्या फाइली नष्ट होत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. प्रदर्शनातील किंवा स्वागतकक्षातील यंत्रासाठी ते ठीक आहे. अभ्यासिकेत मुले प्रवेशपत्राची पीडीएफ हमखास डेस्कटॉपवरच ठेवतात, म्हणून ते आम्ही वापरत नाही. रीसायकल बिन काढून टाकणारे सेटिंगही तेथेच आहे आणि ते ‘एनेबल्ड’ करूनही काही मिळत नाही. थीम बदलू न देणे, स्क्रीन सेव्हरची वेळ ठरवणे, या गोष्टी ‘कंट्रोल पॅनल’खालील ‘पर्सनलायझेशन’ या फोल्डरात आहेत. स्क्रीन सेव्हरची वेळ मिनिटांत नव्हे तर सेकंदांत लिहायची असते. दहा मिनिटांसाठी ६०० लिहावे.

स्टार्ट मेनू, टास्कबार आणि जागा धरण्याची युक्ती

‘स्टार्ट मेनू अँड टास्कबार’ या फोल्डरात सेटिंगांची गर्दी आहे, पण कामाची थोडीच. ‘लॉक द टास्कबार’ आणि ‘प्रिव्हेंट चेंजेस टू टास्कबार अँड स्टार्ट मेनू सेटिंग्ज’ या दोहोंनी विंडोज १० वरील टास्कबारचे भटकणे थांबले. ‘रिमूव्ह रन मेनू फ्रॉम स्टार्ट मेनू’ने विंडोज आणि आर ही जोडीही निकामी होते, आणि टास्क मॅनेजरमधून नवे काम सुरू करण्याची सोयही जाते.

संगणक बंद करण्याच्या आज्ञा मेनूतून काढून टाकणारे सेटिंगही येथे आहे. ते मी दोन दिवस लावून काढून टाकले. आमच्याकडे वीज गेली की यूपीएस दहाएक मिनिटे साथ देतो आणि तेवढ्यात बारा यंत्रे बंद करायची असतात. मेनूत ‘शट डाउन’ नसेल तर मुले बटण दाबून धरतात आणि चालू यंत्राचा जीव जातो. ज्या ठिकाणी विजेचा भरवसा आहे आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायचे आहे, तेथेच हे सेटिंग शोभते.

आता कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणे दाबल्यावर येणाऱ्या पडद्याविषयी. ‘सिस्टम’ या फोल्डरात ‘कंट्रोल+आल्ट+डेल ऑप्शन्स’ असा उपफोल्डर आहे आणि त्यात चार सेटिंग्ज आहेत : पासवर्ड बदलणे, संगणक लॉक करणे, टास्क मॅनेजर आणि लॉग ऑफ, यांपैकी हवे ते काढून टाकण्याची. आमच्या विद्यार्थ्यांचे सामायिक खाते बिनपासवर्डचे होते. वाचनाच्या टेबलावर जागा धरायला रुमाल किंवा पुस्तक ठेवतात, तसे एका मुलाने संगणकाच्या बाबतीत केले. या पडद्यावरून त्याने खात्याला स्वतःचा पासवर्ड घातला, विंडोज आणि एल दाबून यंत्र लॉक केले आणि तो तासभर चहाला गेला. रांगेतील मुलगी माझ्याकडे आली तेव्हा हा प्रकार कळला. त्यानंतर ‘रिमूव्ह चेंज पासवर्ड’ आणि ‘रिमूव्ह लॉक कॉम्प्युटर’ ही दोन्ही सेटिंग्ज सुरू केली. दुसऱ्याने विंडोज आणि एल ही जोडीही बंद होते. टास्क मॅनेजर मात्र ठेवला, कारण अर्ज भरताना ब्राउझर गोठला तर तो बंद करण्याचा दुसरा मार्ग मुलांपाशी नसतो.

पण या प्रकरणातील खरा उपाय पॉलिसी नव्हताच. पॉलिसीने पासवर्ड बदलण्याचा दरवाजा दिसेनासा झाला. तो बंद झाला नाही. दरवाजा बंद करण्यासाठी संगणकावरील खाती सांभाळणारा ‘एलयुएसआरएमजीआर.एमएससी’ हा प्रोग्राम उघडून, त्या खात्याच्या गुणधर्मांत ‘युझर कॅनॉट चेंज पासवर्ड’ या चौकटीत खूण करावी लागली. डेस्कटॉप आणि मेनूविषयीच्या बहुतेक सेटिंगांचे स्वरूप असे पडद्यासारखे आहे. सवयीने किंवा कुतूहलाने हात घालणाऱ्याला पडदा पुरतो, ठरवून आलेल्याला पुरत नाही. म्हणून खात्याचा प्रकार, फोल्डरांच्या परवानग्या आणि पासवर्ड यांचे काम पॉलिसीवर सोपवू नये.

ड्राइव्ह, पेनड्राइव्ह आणि प्रोग्राम

ड्राइव्हच्या बाबतीत हा फरक आणखी स्पष्ट होतो. ‘विंडोज कॉम्पोनंट्स’खालील ‘फाइल एक्सप्लोरर’ या फोल्डरात दोन सारखी भासणारी सेटिंग्ज आहेत. एक निवडलेल्या ड्राइव्हचे चिन्ह लपवते, पण पत्ता टाइप करणारा तेथे पोहोचतोच. दुसरे त्या ड्राइव्हमध्ये शिरूच देत नाही. दुसरे सी ड्राइव्हला लावताना जपावे, कारण डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही फोल्डरेही सामान्यतः त्याच ड्राइव्हवर असतात आणि मुलांना उतरवून घेतलेली फाइल उघडता येत नाही. आम्ही फक्त पहिले वापरतो.

या सेटिंगमध्ये ठरावीक जोड्याच निवडता येतात : ए व बी, फक्त सी, फक्त डी, ए ते सी, ए ते डी, किंवा सगळे. डी आणि ई हेच दोन लपवायचे असतील तर यादीत तो पर्याय नाही. अशा वेळी त्या खात्याच्या रजिस्ट्रीत ‘पॉलिसीज’मधील ‘एक्सप्लोरर’ या शाखेत ‘नोड्राइव्ह्ज’ नावाची संख्या लिहावी लागते आणि तिचा हिशेब सोपा आहे. ए ला १, बी ला २, सी ला ४, डी ला ८, ई ला १६, असे दर अक्षराला दुप्पट करत जायचे आणि लपवायच्या अक्षरांची बेरीज करायची. डी आणि ई साठी ८ अधिक १६, म्हणजे २४. सव्वीसही अक्षरांची बेरीज ६७१०८८६३ होते. संख्या दशमान पद्धतीने लिहीत असल्याची खात्री करावी, कारण ती चौकट मुळात षोडशमान पद्धतीवर असते आणि तेथे २४ लिहिले तर अर्थ ३६ असा होतो. मग डी व ई ऐवजी सी आणि एफ नाहीसे होतात.

पेनड्राइव्हवर सरसकट बंदी घालणे आमच्याकडे शक्य नव्हते. प्रवेशपत्र घेऊन मुले समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. यासाठी मूळच्या जीपीएडिटमध्ये, ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’च्या ‘सिस्टम’ फोल्डरातील ‘रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस’ येथे जावे. वाचणे, लिहिणे आणि प्रोग्राम चालवणे, या तिन्हींना स्वतंत्रपणे मज्जाव करता येतो. आम्ही ‘रिमूव्हेबल डिस्क्स : डिनाय एक्झिक्यूट ॲक्सेस’ एवढेच सुरू केले आहे, फाइल नेता-आणता येते, पेनड्राइव्हवरील प्रोग्राम थेट चालत नाही. जोडीला ‘विंडोज कॉम्पोनंट्स’मधील ‘ऑटोप्ले पॉलिसीज’ येथे ऑटोप्ले, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातील गोष्टी आपोआप उघडण्याची सोय, सर्व ड्राइव्हसाठी बंद करावा. झेरॉक्सच्या दुकानांतून पसरणाऱ्या शॉर्टकट व्हायरसला यामुळे पूर्ण आळा बसतो असे नाही. त्यासाठी अँटिव्हायरस लागतोच.

कमांड प्रॉम्प्ट आणि रजिस्ट्री एडिटर बंद करणारी सेटिंग्ज युझरच्या ‘सिस्टम’ फोल्डरात आहेत. कमांड प्रॉम्प्टच्या सेटिंगमध्ये बॅच फाइलीही थांबवायच्या का, असा उपप्रश्न असतो. साइन इन करताना तुमची एखादी बॅच फाइल चालत असेल तर तेथे ‘नो’ ठेवावे. त्याच फोल्डरातील ‘डोन्ट रन स्पेसिफाइड विंडोज ॲप्लिकेशन्स’ या यादीत खेळांची नावे घालण्याचा मोह अनेकांना होतो. ते सेटिंग केवळ फाइल एक्सप्लोररमधून सुरू होणाऱ्या प्रोग्रामांना अडवते आणि तेही फाइलच्या नावावरून. नाव बदलले की प्रोग्राम चालू. राइट क्लिकचा मेनू संपूर्ण काढून टाकणारे सेटिंग मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. त्याने नुकसान काही टळत नाही, उलट माउसने ‘पेस्ट’ करणाऱ्या प्रत्येकाची तक्रार ऐकावी लागते.

तपासणी आणि इतर यंत्रांवर प्रत

सेटिंग्ज झाली की कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘जीपीअपडेट’ लिहून, एक जागा सोडून, तिरपी रेघ आणि ‘फोर्स’ लिहावे. तरीही काही नियम साइन आउट करून पुन्हा साइन इन केल्यावरच दिसू लागतात, म्हणून तपासणी नेहमी विद्यार्थ्यांच्या खात्यातूनच करावी. कोणते नियम प्रत्यक्षात लागू झाले आहेत हे ‘जीपीरिझल्ट’ सांगते. तिला तिरपी रेघ, ‘एच’ आणि फाइलचे नाव जोडले की ब्राउझरमध्ये वाचता येईल असा अहवाल तयार होतो. संपादकात ‘ऑल सेटिंग्ज’ हे फोल्डर उघडून ‘स्टेट’ या स्तंभाच्या शीर्षकावर टिचकी मारली तर बदललेली सेटिंग्ज एकत्र येतात, हाही तपासण्याचा सोपा मार्ग आहे. संगणक एखाद्या डोमेनचा, म्हणजे संस्थेच्या सर्व्हरवरून एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या जाळ्याचा, भाग असेल तर डोमेनचे नियम स्थानिक नियमांवर मात करतात, तेव्हा तेथे आधी डोमेन सांभाळणाऱ्याशी बोलावे.

एका यंत्रावर आठवडाभर काही अडले नाही की उरलेल्यांवर तेच करायचे असते, पण हाताने अकरा वेळा नव्हे. नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स थराचे नियम सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात, ‘सिस्टम३२’मधील ‘ग्रुपपॉलिसीयुझर्स’ या लपवलेल्या फोल्डरात, ‘एस-१-५-३२-५४५’ अशा नावाखाली असतात. हा क्रमांक प्रत्येक विंडोज संगणकावर तोच असतो, म्हणून ते फोल्डर उचलून दुसऱ्या यंत्रावर त्याच जागी ठेवले आणि पॉलिसी ताजी केली की काम होते. एका विशिष्ट खात्यासाठीच्या थराचे मात्र असे करता येत नाही, कारण खात्याचा क्रमांक यंत्रागणिक वेगळा असतो. यंत्रे बरीच असतील तर मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी कंप्लायन्स टूलकिटमधील ‘एलजीपीओ’ हा मोफत प्रोग्राम वापरावा. नियमांची प्रत काढून ठेवणे आणि ती दुसरीकडे बसवणे, दोन्ही तो करतो.

स्वतःलाच कोंडून घेतले तर

आता माझ्या पहिल्या दिवसाची सुटका. साइन इनच्या पडद्यावर शिफ्टचे बटण दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडले की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यातून ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘कमांड प्रॉम्प्ट’ असे जावे. यंत्रावर बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला सांकेतिक कुलूप घालणारी विंडोजची सोय, असेल तर येथे त्याची रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर पुढे जाता येत नाही, म्हणून पॉलिसीला हात लावण्यापूर्वीच ती कागदावर उतरवून ठेवावी. या वातावरणात विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असे नाही, तो डी म्हणूनही दिसू शकतो; ‘डीआयआर’ या आज्ञेने आधी पाहून घ्यावे. त्यानंतर ‘सिस्टम३२’मधील ‘ग्रुपपॉलिसी’ या फोल्डराचे नाव ‘रेन’ या आज्ञेने बदलून ‘ग्रुपपॉलिसी-जुने’ असे काहीतरी करावे, आणि चूक नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स थरात असेल तर ‘ग्रुपपॉलिसीयुझर्स’चेही तसेच करावे. फोल्डर पुसून टाकू नये. पुन्हा सुरू होताना विंडोजला जुने नियम सापडत नाहीत आणि साइन इन केल्यावर बंधने सुटतात. एखादे मागे राहिलेच तर जीपीअपडेट एकदा चालवावे.

मी नाव बदललेले ते फोल्डर पहिल्या क्रमांकाच्या संगणकावर अजून आहे. त्यातील यादीत ब्राउझर आणि पीडीएफचा प्रोग्राम अशी दोनच नावे आहेत.